बॉल फुगवायला दोन दिवस लागतात



आजचा भाग रेकॉर्ड करताना मी नेहमीच्या खुर्चीवर नाहीये. खाली सतरंजीवर बसलेय आणि माझ्या पाठीमागे एक निळा जिम बॉल आहे. मध्येच रबर घासल्यासारखा चुंई-चुंई आवाज आला तर तो माझ्या टेकण्याचा आहे, तुमच्या इयरफोनचा दोष नाही.

मागच्या एका भागात मी सहज बोलून गेले होते की घरी जिम बॉल आणला, आई त्यावरून पडली, आणि त्यात चूक माझी होती. तेव्हा विषय दुसरा होता म्हणून पुढे गेले. पण त्यानंतर तीन-चार जणांनी एकच गोष्ट विचारली, की चूक म्हणजे नेमकं काय? बॉलच तर आहे, हवा भरायची आणि बसायचं. अगदी हेच मलाही वाटलं होतं. म्हणून आजचा अख्खा भाग हवा भरण्यावर. हसू नका, खरंच सांगतेय.

आधी थोडं घरचं सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझी आई शिवणकाम करते. ब्लाउज, फॉल-पिको, कधी लहान मुलींचे परकर-पोलके. नाशिकला आमचं दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली तिचं मशीन. लग्नसराईत ती सकाळी नऊला बसते ते रात्री दहापर्यंत. पाठ दुखणं हे तिच्या मते दुखणंच नाही, ते कामाचा भागच आहे. शेवटी एकदा उठताच येईना, तेव्हा मी तिला फिजिओथेरपिस्टकडे घेऊन गेले. मॅडमनी चार व्यायाम दिले, त्यातला एक बॉलवरचा. बॉलवर सरळ बसायचं, दोन्ही पावलं जमिनीवर पूर्ण टेकवायची आणि कंबर हळूहळू पुढे-मागे झुलवायची. पाच मिनिटं. बस्स.

मी रिक्षात बसल्या बसल्याच फोनवरून बॉल मागवला. ६५ सेंटिमीटरचा. का ६५? कारण त्यावर ऑफर होती, आणि मी पाच फूट सहा इंच आहे, म्हटलं मलाही वापरता येईल. आई पाच फूट एक इंच. हा विचार डोक्यात आलाच नाही. चप्पल घेताना आपण असं करू का? ‘माझ्या मापाची घेते, आईलाही होईल’?

संध्याकाळी पार्सल आलं. खोक्यात घडी घातलेला बॉल, दोन पांढरी बुचं, ती काढायला एक छोटा प्लास्टिकचा काटा आणि एक हातपंप. सोबत सूचनांचा कागद होता, बारीक अक्षरांचा. तो मी वाचला नाही. पंप लावला आणि सुरू केलं. हात भरून आले, पण मला एकाच बैठकीत संपवायचं होतं. ‘झालं का?’ हे मी कसं ठरवत होते? अंगठ्याने दाबून. सायकलचं चाक बघतो तसं. दाबला जातोय ना, मग अजून भर. शेवटी टणक झाला, टिचकी मारली की टणटण वाजायला लागला, तेव्हा मी खूश.

आईला म्हटलं, “बस गं.”

ती गाऊनवर होती, पायात मोजे, कारण थंडीचे दिवस. आमची फरशी गुळगुळीत, नुकतीच पुसलेली. ती खुर्चीवर टेकतात तशी टेकली. तिच्या टाचा जमिनीला लागल्याच नाहीत, नुसते चवडे. पुढच्या सेकंदाला बॉल पुढे सटकला आणि आई मागे, सरळ माकडहाडावर. डोकं मशीनच्या लोखंडी पायापासून वीतभर अंतरावर.

एक्सरे काढला. हाड मोडलं नव्हतं. पण तीन आठवडे तिला मशीनवर बसता आलं नाही. ऐन लग्नसराईत. ब्लाउजच्या एकवीस ऑर्डरी परत द्याव्या लागल्या, त्यातल्या काही जणी पुन्हा आल्याच नाहीत. आई मला एका शब्दाने बोलली नाही. तिने फक्त तो बॉल जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर टाकायला लावला.

मॅडमना फोन केला तेव्हा त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “केवढ्याचा घेतलास?” मी सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, “अगं, आईंच्या उंचीला ५५ चा लागतो.”

त्या तीन आठवड्यांत रात्री मी फोनवर या बॉलबद्दल जे मिळेल ते वाचत बसायचे. अपराधी वाटत होतं, दुसरं काय. तेव्हा कळलं की ही वस्तू मुळात जिमची नाहीच. याला स्विस बॉल म्हणतात, पण तो पहिल्यांदा तयार झाला इटलीत, १९६३ साली. अक्विलिनो कोसानी नावाचे प्लास्टिकच्या वस्तू बनवणारे गृहस्थ होते, त्यांनी एवढा मोठा आणि सहज न फुटणारा बॉल बनवण्याची पद्धत शोधली. मग स्वित्झर्लंडमध्ये काम करणाऱ्या मेरी क्विंटन या इंग्लिश फिजिओथेरपिस्टनी तो लहान बाळांच्या उपचारांसाठी वापरला, आणि बासेलच्या सुझान क्लाइन-फोगेलबाख यांनी मोठ्यांच्या उपचारांत आणला. अमेरिकेतल्या फिजिओथेरपिस्टनी तो स्वित्झर्लंडमध्ये पाहिला म्हणून नाव पडलं स्विस बॉल. म्हणजे पहिल्यापासून ही माणसाच्या मापाने, कुणीतरी शेजारी उभं राहून वापरायची वस्तू. पुढे ती खोक्यात बंद होऊन आपल्या दारात आली, आणि शेजारी उभं राहणारं माणूस मात्र खोक्यात आलं नाही.

आता मापाचं सांगते. ५५, ६५, ७५ हा बॉल पूर्ण फुगल्यावरचा व्यास असतो, म्हणजे जमिनीपासून माथ्यापर्यंतची उंची. साधारण हिशेब असा: पाच फुटांच्या आतल्यांना ४५, पाच ते साडेपाच फुटांच्या आसपास ५५, त्यावर सहा फुटांपर्यंत ६५, आणि त्याहून उंच असाल तर ७५. कंपनीगणिक इंच-दोन इंच इकडेतिकडे होतं, खोक्यावर तक्ता असतो तो बघा. आणि वजनाची मर्यादाही बघा. ती बहुतेक वेळा बॉल नुसता स्थिर ठेवून त्यावर भार टाकून ठरवलेली असते, तुम्ही त्यावर उड्या मारता तेव्हा भार त्याहून जास्त पडतो. खरी परीक्षा मात्र बसल्यावर. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत, आणि मांडी जमिनीला समांतर किंवा गुडघ्याकडे किंचित उतरती हवी. गुडघे कमरेच्या वर आले तर बॉल लहान आहे किंवा हवा कमी आहे. टाचा उचलल्या गेल्या तर उलट.

मग मी ५५ चा दुसरा बॉल मागवला. आईला न सांगता. आला तेव्हा ती खोक्याकडे बघून फक्त “हं” म्हणाली आणि काजं करत बसली.

यावेळी कागद वाचला. पहिलीच सूचना: बॉल खोलीच्या तापमानाला येऊ द्या, दोन-एक तास. डिसेंबरात कुरियरच्या गाडीत रात्रभर गारठलेलं प्लास्टिक कडक असतं. ते तसंच ताणलं तर घडीच्या रेषांवर जास्त ताण येतो. मी तो उलगडून पलंगावर पसरून ठेवला. नव्या प्लास्टिकचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा. ओल्या फडक्याने पुसून घेतलात तरी चालेल.

मग जागा. हे मला खोक्याने नाही, अनुभवाने शिकवलं. बॉल जिथे फुगवणार तिथली फरशी आधी हाताने चाचपून बघा. आमच्या घरात तर बोलायलाच नको, टाचण्या, सुयांचे तुकडे, हुक. मी झाडू मारला आणि मग सतरंजी घातली. सतरंजीमुळे बॉल घसरतही कमी. आणि बसायची जागा अशी निवडा की मागे-पुढे हातभर काहीही टोकदार नाही. टेबलाचा कोपरा नको, मशीनचा पाय नको. दोन खोल्यांच्या घरात असा कोपरा शोधायला मला अर्धा तास लागला, शेवटी पलंग भिंतीला सरकवला.

आता हवा. इथे मला एक गणित सांगायचंय, कंटाळू नका, मजेशीर आहे.

५५ सेंटिमीटरच्या पूर्ण फुगलेल्या बॉलमध्ये साधारण ८७ लिटर हवा मावते. ६५ च्या बॉलमध्ये १४४ लिटर. दहाच सेंटिमीटरचा फरक, पण हवा दीडपटीहून जास्त. माझ्या हातपंपाची नळी मी पट्टीने मोजली, एका दाबाला जेमतेम पाव लिटर हवा जाते. म्हणजे ५५ साठी साडेतीनशे दाब आणि ६५ साठी पावणेसहाशे! पहिल्या दिवशी माझे हात का गळून गेले होते ते तेव्हा कळलं.

गंमत पुढे आहे. कागदावर लिहिलं होतं की पहिल्या दिवशी ८० टक्के मापापर्यंतच फुगवा, बूच लावा, २४ तास तसाच ठेवा, मग पूर्ण करा. आता ५५ चे ८० टक्के म्हणजे ४४ सेंटिमीटर. मला वाटलं, म्हणजे बरंचसं काम पहिल्या दिवशीच झालं. पण नाही. ४४ सेंटिमीटरच्या बॉलमध्ये हवा मावते सुमारे ४५ लिटर. म्हणजे निम्मीच! उंची ८० टक्के झाली तरी हवा अर्धीच भरलेली असते. म्हणून तो दिसतो ढिला, सुरकुतलेला, आणि आपल्याला वाटतं पंपच खराब आहे. घाई सुटते ती इथेच.

आणि २४ तास कशाला? प्लास्टिक ताणलं की ते सगळ्या जागी एकदम, सारखं ताणलं जात नाही. त्याला सैल व्हायला वेळ लागतो. हे मी आईला समजावून सांगायला गेले, वाटलं मोठं शास्त्र सांगतेय, तर ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली, “कणीक मळून झाकून ठेवतो तसंच की. लगेच लाटायला घेतलीस तर पोळी आखडते, कडा फाटतात.” बॉल आणल्यापासून त्याबद्दलचं हे तिचं पहिलं वाक्य.

पण माप कसं घ्यायचं? अंगठ्याने दाबून नाही, एवढं पक्कं झालं होतं. हाताला टणक लागणं फार फसवं. बॉल मापाबाहेर फुगत जातो तशी त्याची भिंत पातळ होत जाते, कारण प्लास्टिक तेवढंच असतं, ते जास्त जागेवर पसरतं. ५५ चा बॉल ६० पर्यंत फुगवला तर त्याची जाडी सुमारे १६ टक्क्यांनी कमी होते. बाहेरून काही कळत नाही, उलट छान भरल्यासारखा वाटतो.

ही काही काल्पनिक भीती नाही. २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे ३० लाख व्यायामाचे बॉल परत बोलावण्याची घोषणा झाली होती. बॉल जास्त फुगवलेले असताना वापरता वापरता फुटल्याच्या ४७ तक्रारी आल्या होत्या, त्यात एकाचं हाडही मोडलं होतं. आणि त्यावर उपाय काय दिला, माहितीये? फुगवण्याच्या नव्या सूचना. नवा कागद! जो माझ्यासारखी माणसं वाचत नाहीत.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सॅक्रामेंटो किंग्जचा बास्केटबॉल खेळाडू फ्रान्सिस्को गार्सिया बॉलवर उताणा पडून दोन्ही हातांत ४०-४० किलोची डंबेल्स घेऊन व्यायाम करत होता. बॉल फुटला आणि त्याच्या उजव्या हाताचं हाड मोडलं. जिमला जाणाऱ्या मंडळींनो, बॉलला बेंच समजू नका, एवढंच म्हणेन. खोक्यावर ‘अँटी-बर्स्ट’ लिहिलेलं असतं त्याचाही अर्थ नीट समजून घ्या. भोक पडलं तर फुग्यासारखा फाटकन न फुटता हवा हळूहळू निघेल अशी ती रचना असते. फुटणारच नाही, असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

तर माप. सोपी रीत अशी की भिंतीवर जमिनीपासून ४४ आणि ५५ सेंटिमीटरवर पेन्सिलीने खुणा करायच्या, बॉल भिंतीला लावायचा, माथ्यावर एखादं वही-पुस्तक आडवं धरायचं आणि ते खुणेला येतंय का बघायचं. मी तेच करत होते. एका हाताने वही, दुसऱ्या हाताने बॉल, पंपाची नळी दातात धरलेली. वही तिरकी व्हायची आणि माप दर वेळी वेगळं यायचं. एकदा ४३, एकदा ४६.

आई काजं करता करता बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. उठली, गळ्यातला टेप काढून म्हणाली, “घेर घे ना. उंची कशाला घेतेस? गोल गोष्टीचा घेर घ्यावा.”

टेप लावला तर तो पुरेना. शिंप्याचा टेप दीडशे सेंटिमीटरचा असतो आणि ५५ च्या बॉलचा घेर होतो १७३. तिने डब्यातून परकराची पांढरी नाडी काढली. मला विचारलं, “आज केवढा पाहिजे? उद्या केवढा?” मी फोनवर गुणाकार करून सांगितलं, व्यास गुणिले ३.१४. आजचा १३८, उद्याचा १७३. तिने नाडीच्या टोकापासून टेपने मोजून दोन खुणा केल्या. पहिल्या खुणेवर लाल दोरा बांधला, दुसऱ्यावर निळा. “लाल आला की थांब.”

मंडळी, याच्याइतकी चांगली युक्ती मला कुठल्याही व्हिडिओत दिसली नाही. बॉलच्या सगळ्यात रुंद भागावर नाडी गुंडाळायची, न ओढता, नुसती टेकवून. टोक खुणेला भेटलं की झालं. शिवाय घेरात एक सेंटिमीटरची चूक झाली तरी उंचीत फक्त तीन मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे माप पुस्तकाच्या रीतीपेक्षा अचूक. टाचणी मात्र बॉलच्या आसपास आणू नका, खूण दोऱ्याचीच करा.

लाल आला, थांबले. आता बूच. पंपाची नळी काढली की हवा फुस्सकन यायला लागते, घाबरायचं नाही. अंगठा लगेच भोकावर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताने बूच दाबायचं. थोडी हवा जाते, जाऊ दे. बूच बॉलच्या पातळीत पूर्ण आत बसलं पाहिजे, वर राहिलं तर बसताना टोचतं आणि कधीतरी निघून येतं. दुसऱ्या दिवशी ते काढायला खोक्यातला काटा वापरा. काटा हरवला तर चमच्याचा दांडा चालेल. सुरी, कात्री, स्क्रूड्रायव्हर अजिबात नको. आणि जादाचं बूच अशा जागी ठेवा की जी लक्षात राहील. आमचं बटणांच्या डबीत आहे.

काही शॉर्टकट मला सुचवले गेले, तेही सांगून टाकते. पंक्चरवाल्याकडे नेऊ? एक तर त्याच्या कॉम्प्रेसरची तोटी टायरच्या व्हॉल्व्हसाठी असते, बॉलच्या भोकाला बसत नाही. बसवलीच कशीतरी, तर तो दाब टायरसाठीचा, काही सेकंदांत माप कुठल्या कुठे जाईल. आणि हे सगळं जमलं तरी तो फुगलेला बॉल स्कूटरवर घरी कसा आणणार होते मी, देव जाणे. फुटबॉलची सुई? भोक मोठं असतं, उपयोग नाही. तोंडाने? चक्कर येईल. हेअर ड्रायरने? गरम हवेने प्लास्टिक मऊ पडतं, आणि हवा थंड झाली की बॉल ढिला. गादी फुगवायचा विजेचा पंप कुणाकडे असेल आणि तोटी बसत असेल तर पहिल्या दिवसाचं काम त्याने करा, पण दुसऱ्या दिवशीचे शेवटचे दाब हातानेच.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी निळ्या खुणेपर्यंत भरला. मी आधी बसून बघितलं, नाडीने पुन्हा मोजलं. आई बसायला तयार नव्हती. मी काही म्हटलं नाही. म्हणायचा हक्क नव्हता मला.

चार दिवस बॉल कोपऱ्यात होता. पाचव्या दिवशी तीच म्हणाली, “मोजे काढते. तू पुढे बस, माझे हात धर.” मी बॉल भिंत आणि पलंगाच्या कोपऱ्यात अडकवला, म्हणजे मागे आणि एका बाजूला जायला जागाच नाही. तिला म्हटलं, आधी हाताने बॉल चाचप, मागे बघ, मग पाय कमरेएवढे फाकवून हळूच बस, टेकू नकोस. ती बसली. टाचा टेकल्या, पण जेमतेम. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली होती.

तेव्हा मॅडमचं एक वाक्य आठवलं. त्या म्हणाल्या होत्या की नवीन माणसाला थोडी हवा कमी ठेवावी. मऊ बॉल खाली जास्त चपटा होतो, जमिनीला जास्त टेकतो, त्यामुळे पटकन गडगडत नाही. टणक बॉल एका छोट्या ठिपक्यावर उभा असतो. माझा पहिला बॉल नेमका तसाच होता. तिला उठवलं, बूच काढून थोडी हवा सोडली, नाडीने मोजत मोजत घेर १६६ वर आणला, म्हणजे उंची ५३ च्या आसपास. आईने तिथे हिरवा दोरा बांधला. पुन्हा बसली. पावलं सपाट टेकली.

कंबर पुढे, मागे. पुढे, मागे. मला वाटलं दोन मिनिटांत उठेल. सहा मिनिटं बसली, आणि मध्येच माझे हात तिने सोडून दिले होते, हे मला नंतर लक्षात आलं.

आठवड्याभराने बॉल थोडा मऊ लागायला लागला. गळती असेल म्हणून मी बुचावर साबणाचं पाणी लावून बघितलं, बुडबुडे नाहीत. मग कळलं की नवा बॉल पहिले काही दिवस अजून ताणला जातो आणि पुन्हा थोडी हवा मागतो. हिवाळ्यातल्या पहाटे तो आणखी ढिला वाटतो, दुपारी परत ठीक. हवा गार झाली की आकसते, दुसरं काही नाही. म्हणून पहाटे मोजून हवा भरू नका, उन्हाळ्यात तोच बॉल मापाबाहेर जाईल. गॅलरीत उन्हात ठेवू नका, गॅस-गीझरजवळ नको. आणि भोक पडलं तर सायकलचं पंक्चर सोल्यूशन लावून वापरू नका. बॉल गेला, असं समजा. मला माहितीये की पैसे जातात, पण आमचं त्याहून जास्त काय काय गेलंय.

बसण्याआधी अंगावरचं टोकदार काही असेल ते काढा. पिना, किल्ल्या, मागच्या खिशातला फोन, बायकांनी जोडवी. आईची जोडवी निघत नाहीत, म्हणून ती पातळ सुती मोजे चवड्यापाशी कापून, फक्त बोटांवर घालते. टाच आणि चवडा उघडाच. तिचीच आयडिया.

एक शंका हमखास येते, की ऑफिसच्या खुर्चीऐवजी दिवसभर बॉलवर बसू का? आईनेही विचारलं होतं, मशीनवर बसताना वापरू का म्हणून. मॅडम सरळ नाही म्हणाल्या. दिवसभर बॉलवर बसल्याने पाठ सुधारते असं काही ठोस दिसलेलं नाही, उलट थकून माणूस वाकून बसतो. व्यायामापुरता घ्यायचा आणि बाजूला ठेवायचा. शिलाई मशीन पायाने चालवताना तर विचारच करू नका! आणि तुमची पाठ खरंच दुखत असेल तर व्यायाम कोणता हे फिजिओथेरपिस्टला विचारा. मी फक्त हवा भरायला शिकलेय.

माळ्यावरचा ६५ चा बॉल आता माझा आहे. त्याची सगळी हवा सोडली, एक दिवस तसाच पडू दिला, आणि दोन दिवसांत नीट मापाने पुन्हा भरला. एकदा जास्त ताणला गेलेला असल्याने भिंतीवर पांढरट रेषा, पातळ झालेले पट्टे आहेत का ते उजेडात धरून बघितलं. नव्हते. असते तर टाकून दिला असता.

परवा खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलीये, डॉक्टरांनी तिला बॉलवर बसायला सांगितलंय. काकूंनी आईला विचारलं, “तुमचा आठ दिवस नेऊ का?” आई मशीनवरून उठली नाही. चष्म्यावरून बघत म्हणाली, “पोरीची उंची किती?” काकू म्हणाल्या, पाच-सहा असेल. “मग आमचा नाही चालायचा. तिला ६५ चा लागेल, डॉक्टरांना विचारून घ्या. आणि फुगवायच्या आधी मला सांगा.” असं म्हणून तिने डब्यातून नाडी काढली आणि मला हाक मारली, “अगं, ६५ चा घेर किती गं?”

२०४, मी म्हटलं. आणि पहिल्या दिवसाचा १६३.

तिने मोजलं, लाल आणि निळा दोरा बांधला, आणि नाडी गुंडाळून काकूंच्या हातात दिली.

चला, ती आता आत पाय आपटतेय, कारण तिची व्यायामाची वेळ झालीये आणि बॉल माझ्या पाठीमागे आहे. भेटू पुढच्या भागात.